एअर रायफल अंगाला बसवताना: हात लाकडाला लावा, लोखंडाला नाही

परदेशातली मंडळी घरच्या टेबलावर सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी) रायफल उघडतात, तिचा ट्रिगर बदलतात, दस्ता (खांद्याला लावायचा मागचा भाग) बदलतात, नळी बदलतात. ते व्हिडिओ आपल्याकडची पोरं रात्र-रात्र बघतात आणि सकाळी विचारतात, "दादा, आपल्याला जमेल का हे?" जमणार नाही आणि त्या वाटेला जाऊही नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक बनवायलाच काय, तिच्यात बदल करायला किंवा ती दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि तो बंदूक बाळगण्याच्या परवान्यापेक्षा वेगळा असतो. शिवाय ज्या खेळासाठी हा सगळा खटाटोप, त्या ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत सेमी-ऑटोमॅटिकला जागाच नाही. दर वेळी एकच गोळी, तीही हाताने भरायची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्यपदक घेतलं, ते अशाच एकेरी रायफलवर.

मग हौस कशी भागवायची? ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे .१७७ बोअरच्या एअर रायफलने. छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर हिला परवाना लागत नाही. स्पर्धेतल्या रायफलींचा हिशोब करून बघा: ०.५३ ग्रॅमचा छर्रा साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो, म्हणजे ऊर्जा आठ ज्यूलच्याही खाली. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकलं ते याच प्रकारात, १० मीटर एअर रायफलमध्ये. म्हणून "माझ्या रायफलची ताकद वाढवून द्या" असं म्हणत जाड स्प्रिंग शोधणाऱ्याला मी दोनच गोष्टी सांगतो. कागदाला भोक पाडायला एवढी ताकद लागत नाही, आणि २० ज्यूलची रेघ ओलांडली की तीच रायफल परवान्याच्या कक्षेत जाते.

मी स्वतः या खेळात नवखाच आहे. लातूरला ओळखीच्या आडतीतला एक लांब गाळा हंगाम संपला की मोकळा असतो, तिथे सराव करतो. हाताशी स्प्रिंगची, नळी खाली दुमडून भरायची साधी रायफल. कारखान्यातून ती सरासरी माणसाच्या मापाची येते, आणि तो सरासरी माणूस मला अजून कुठे भेटलेला नाही. घरी करायचं काम एवढंच, की रायफल आपल्या अंगाला बसली पाहिजे. बदल लाकडात आणि साइटमध्ये (नेम धरायच्या भागात) करायचा. आतल्या यंत्रणेला हात लावायचा नाही.

आधी पेटी, मग रायफल

छर्रा अडवणारी पेटी तयार नसेल तर रायफल पिशवीतून बाहेरच काढू नये. जाड फळ्यांची पेटी घ्या. मागच्या बाजूला तीनेक मिलिमीटरचा लोखंडी पत्रा वरून पुढे झुकता बसवा, म्हणजे छर्रा उडालाच तर खाली जाईल. पुढची जागा जुन्या गोधडीच्या चिंध्या दाबून दाबून भरा. नुसता पत्रा ठेवू नका, छर्रा उलटा येतो. पेटीच्या मागे भिंतच हवी. दार नको, खिडकी नको, आणि ज्यातून लेकरं डोकावतील असा पडदा तर नकोच.

अंतर १० मीटर, म्हणजे उभं राहायची जागा धरून सलग बारा मीटर तरी लागतात. जुन्या माळवदाच्या वाड्यात लांबलचक ओसरी असते, तिथे जमून जातं. किल्लारीकडे १९९३ च्या भूकंपानंतर बांधलेल्या छोट्या घरांत नाही जमत. तिथे वावरातला पत्र्याचा गोठा किंवा गावातलं एखादं बंद गोदाम बघावं. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर ठेवा. कागदावरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, तेव्हा उजेडाची कंजुषी नको. टार्गेटवर एक एलईडी आणि वीज गेली तर सराव बंद.

डोळ्यावर चष्मा हवा. छर्रे शिशाचे असतात, ते तोंडात धरायची सवय असेल तर आजच सोडा. पेटीजवळ खाणं-पिणं नको, आणि काम झालं की साबणाने हात धुवायचे.

दस्त्याची लांबी

पहिलं माप हे. रायफल कॉक केलेली (स्प्रिंग ताणून ठेवलेली) नाही आणि नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघून घ्या. आता कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खळगीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोहोचलं तर लांबी साधारण बरोबर. बोट ओढून पोहोचवावं लागत असेल तर दस्ता लांब आहे, आणि रायफल खांद्याला लावल्यावर अंगठा नाकाशी येत असेल तर आखूड.

आखूड असेल तर सोपं आहे. मागची रबरी पट्टी काढा, तिच्याखाली सहा मिलिमीटर प्लायवुडचे दस्त्याच्याच आकाराचे तुकडे घाला, लांब स्क्रू लावा. स्क्रूसाठी आधी बारीक ड्रिल मारून घ्या, नाहीतर आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात वाळलेलं लाकूड उभं तडकतं.

लांब असेल तर कापावं लागतं, आणि इथे मी सुताराकडे गेलो. दस्ता रायफलपासून सोडवून फक्त लाकूडच घेऊन जा. तरी बघताक्षणी ते म्हणाले, "बंदुकीचं काम आपण नाही करत, साहेब." मी म्हणालो, "मामा, बंदूक घरी आहे, हे नुसतं लाकूड. छर्ऱ्याच्या रायफलचं आहे, पावती दाखवू का?" पावती बघितल्यावर त्यांनी जे सुचवलं ते माझ्या डोक्यात आलंच नसतं. कापलेला तुकडा फेकायचा नाही. त्याचे पातळ काप करून ठेवायचे, आणि लेकरू वाढेल तसा एकेक काप परत मागे लावत जायचं. घरात बारा-तेरा वर्षांचं कुणी शिकत असेल तर ही युक्ती पैसे वाचवते.

गालाची जागा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. डोळा दर वेळी एकाच ठिकाणी आला नाही तर साइट कितीही महाग असो, छर्रे भटकणारच.

तपासायचं कसं? उभे राहा, रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा. गाल दस्त्यावर जिथे आपोआप विसावतो तिथे विसावू द्या, मानेला जोर नको. डोळे उघडा. पीप साइटचं, म्हणजे मागच्या साइटचं बारीक भोक नेमकं समोर दिसलं तर काम झालं. साइट वर राहिली, म्हणजे ती बघायला मान उचलावी लागली, तर गालाखाली भर घालायला हवी. साइट खाली राहिली तर गालाखालचं लाकूड कमी करायला हवं, पण ते सगळ्यात शेवटी.

भर घालायला लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात गेलो. सोळा रस्ते एकत्र येतात तिथे चपलेच्या सामानापासून शाळेच्या प्रकल्पांसाठीच्या रंगीत फोमपर्यंत सगळं मिळतं. तीन मिलिमीटरची फोमशीट घ्या, गालाच्या आकाराचे तुकडे कापा आणि एकावर एक ठेवून कापडी चिकटपट्टीने गुंडाळा. लगेच डिंक लावू नका. काही दिवस तसंच वापरा, एखादा थर काढा, एखादा वाढवा, आणि मान कुठे निवांत राहते ते कळलं की मगच चिकटवा. उन्हाळ्यात घामाने फोम निसटतो, म्हणून वरून पातळ चामडं ओढून घ्यावं. चप्पल शिवणारे कारागीर ते घटकाभरात शिवून देतात.

लाकूड घासणं आणि तेल देणं

पकडीचा भाग हाताला जाड वाटत असेल तर कानशीने थोडा थोडा उतरवा. खरी बंदूक असती तर मी लाकडालाही हात लावू दिला नसता, इथे चालतं. एकदम फार घासू नका, कमी केलेलं लाकूड परत येत नाही. मग पॉलिश पेपर, आधी १२०, मग २४०, शेवटी ४००, आणि नेहमी रेषांच्या दिशेने.

वरून जवसाचं तेल. आपला भाग जवसाचा आणि करडईचा, घाण्यावरचं तेल सहज मिळतं, पण ते वाळायला फार वेळ घेतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल लवकर वाळतं. कापडाने पातळ हात द्या, थोड्या वेळाने जास्तीचं पुसा, दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच.

त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं, आणि चिंध्यांच्या गोळ्यात ती साठत जाऊन चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. मे महिन्यात बेचाळीस अंशांवर, शेजारी कडब्याची गंजी असताना, हे विसरण्यासारखं नाही. चिंधी बाहेर दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

हेच तेल, किंवा शिलाई मशीनचं तेलसुद्धा, रायफलच्या हवेच्या भोकात कधी घालू नये. स्प्रिंग सुटली की आतली हवा इतकी तापते की तेल पेटतं. मोठा आवाज येतो, धूर निघतो, आणि आतलं सील हळूहळू बाद होतं. गावाकडे त्या आवाजाला 'ताकद वाढली' म्हणून दाद मिळते, ती गोष्ट वेगळी.

स्क्रू आणि ट्रिगर

स्प्रिंगची रायफल पुढे-मागे असे दोन्हीकडे धक्के देते, त्यामुळे दस्त्याचे स्क्रू ढिले होतात. सराव सुरू करायच्या आधी ते तपासायचे, आणि सारखे सुटत असतील तर सोडवता येणारं, निळं थ्रेडलॉक (स्क्रू धरून ठेवणारा डिंक) थेंबभर लावायचं. 'रायफल बिघडली' म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

ट्रिगरला कंपनीने बाहेरून जो एक स्क्रू दिलाय, तोच फिरवायचा, आणि पुस्तिकेत सांगितलाय तेवढाच. आतला सांधा घासून ट्रिगर हलका करून देणारे मिळतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावं. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला स्पर्धेत किमान ५०० ग्रॅमची अट आहे, एअर रायफलला तशी अट नाही. म्हणून हौशी लोक तो केसाइतका हलका करतात आणि मग बोट लागायच्या आत छर्रा सुटतो. नवख्याला थोडा जड ट्रिगरच बरा. स्क्रू फिरवल्यावर रायफल पेटीकडेच रोखून, कॉक करून, छर्रा भरून दस्त्यावर तळहाताने थाप मारा. सुटली तर स्क्रू परत मागे घ्या. रिकामी स्प्रिंग रायफल मात्र चालवू नका, आणि नळी उघडी असताना ट्रिगरला बोट लावू नका. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवायचीच. ती अचानक मिटली तर बोटं जातात.

साइट आणि छर्रे

पुढच्या साइटमधली कडी, जिच्यातून टार्गेट बघायचं, ती नवखे लोक लहान घेतात. टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्याभोवती पांढरी फट स्पष्ट दिसली पाहिजे. फट फार बारीक असली की डोळा थकतो आणि हात दचकतो. मोठी कडी लावा.

छर्रे सपाट तोंडाचेच घ्या, ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. दोन-तीन कंपन्यांचे लहान डबे आणा. रायफल टेबलावर टेकवून मारायची, पण स्प्रिंगची रायफल थेट कठीण वस्तूवर ठेवली तर उसळते, म्हणून पिशवीवर हात आणि हातावर रायफल. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून वाळूने भरा. ज्वारीनेही भरता येते, पण आमच्या गाळ्यात उंदरांनी ती पिशवी माझ्याआधी वापरून टाकली. पकड सैल ठेवा. घट्ट धरलेली स्प्रिंग रायफल दर वेळी वेगळी उसळते.

पाच-पाच छर्ऱ्यांचे गट मारा आणि ज्या डब्याचा गट सगळ्यात दाट, तो डबा तुमचा. गट मध्यावर आहे की नाही हे नंतर बघायचं. गट डावीकडे असेल तर मागची साइट उजवीकडे सरकवा, खाली असेल तर वर. छर्रे जिकडे न्यायचे तिकडेच मागची साइट. एकेका छर्ऱ्यामागे धावून साइट फिरवू नका.

बाहेर नेताना

एसटीत रायफलच्या आकाराची पिशवी दिसली की चौकशी होणारच. पिशवी बंद, छर्रे वेगळ्या डब्यात, सोबत खरेदीची पावती आणि ओळखपत्र; क्लबचं किंवा जिल्हा संघटनेचं कार्ड असेल तर तेही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, ठक-ठक आवाजावरून गावभर गोष्टी होतात. आणि हुरड्याच्या दिवसांत कुणी म्हणालंच, "पाखरं लई झालीत वावरात, आण तुझी बंदूक", तर नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो पोपटालाही लागू आहे. राखणीला गोफण आहे, डबा वाजवायला आहे.