8 की 8च्या वर? सिम्युलेशनमधली पी-व्हॅल्यू दुरुस्त करताना

सांगलीत एम.एस्सी. करणाऱ्यांना पी-व्हॅल्यूची व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी येते: शून्य गृहीतक (‘फरक नाही’ हे मानणं) खरं धरल्यास हाती आलेल्या निकालाइतका किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची संभाव्यता. कोड लिहिताना मात्र नेमके ‘इतका किंवा’ हेच दोन शब्द गळतात.

हळदीचंच घ्या. समजा, 10 शेतकऱ्यांचा निम्मा माल काहिलीत शिजवला, निम्मा वाफेवर. 8 जणांचा वाफेवरचा माल रंगाला उजवा निघाला. पद्धतींत फरक नसेल, तर हे नाणं 10 वेळा उडवण्यासारखंच. समजा, एखाद्या पुस्तकातला कोड संगणकावर अशा 10,000 फेऱ्या करतो आणि छाप > 8 आलेल्या मोजतो. उत्तर 0.0107च्या आसपास, 5 टक्क्यांहून कमी म्हणून शेरा ‘फरक सार्थ’, म्हणजे निव्वळ योगायोग नाही.

आता कोड मिटा, कागद घ्या. एकूण 1024 शक्यता. 8 छाप 45 प्रकारे, 9 छाप 10, 10 छाप 1. बेरीज 56, 56/1024 म्हणजे 0.0547. त्या एका > चिन्हानं 45 शक्यता बाहेर फेकल्या, उरल्या 11. >= केलं की 5 टक्क्यांचा निष्कर्षच उलटतो. चाचणी दुतर्फा, म्हणजे दोन्ही बाजूंचे टोकाचे निकाल मोजणारी असेल तर 0.1094.

‘फेऱ्या वाढवा, आकडा सुधारेल’ असं सांगणारे मार्गदर्शक भेटतात. ऐकू नका. 10 लाख फेऱ्यांनी चुकीचा कोड 0.0107वर आणखी घट्ट बसतो. हवं ते उत्तर येईस्तोवर सीड (संगणकाचे यादृच्छिक आकडे कुठून सुरू व्हावेत ते ठरवणारा अंक) बदलणं तर निव्वळ लबाडी.

चूक नजरेतून सुटली म्हणून खचू नका. नॉर्मल वितरणाच्या (मोजमापाच्या सलग, दशांशातल्या) आकड्यांत बरोबरी जवळपास येतच नाही, त्यामुळे तिथे दोन्ही चिन्हं तेच उत्तर देतात. फटका बसतो तो मोजणीच्या आकड्यांत, लहान नमुन्यात.

परम्युटेशन चाचणीत (गटांची नावं पुन्हा पुन्हा अदलाबदल करून फरक मोजतात तिच्यात) >= लिहूनही फसायला होतं. संगणकाला 0.1 + 0.2 आणि 0.3 समान वाटत नाहीत, मग बरोबरीच्या फेऱ्या निसटतात. मूळ फरकातून 0.000000001 वजा करून तुलना करा. पी-व्हॅल्यू काढताना अंशात आणि छेदात 1 मिळवा; 9,999 फेऱ्यांत सर्वांत लहान पी-व्हॅल्यू 1/10000 येते, शून्य कधीच नाही.

दुरुस्तीनंतर 0.0547ऐवजी 0.0525 दिसलं तर चालतं. 10,000 फेऱ्यांना प्रमाण त्रुटी (योगायोगानं होणारा सर्वसाधारण चढउतार) सुमारे 0.0023 असतेच, 1 लाख फेऱ्यांत ती 0.0007वर येते.