मोडलेलं मनगट आणि महिनाभराचं चैत्रांगण

माघात माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा फाल्गुन सरत आला होता आणि चहाच्या कपाचा कान धड धरता येत नव्हता. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी चिमटीत वाटाणे उचलायला सांगितलं. दोन दिवसांत कंटाळले. मग वाटलं, चिमटीचंच काम करायचं तर चैत्र तोंडावर आलाय की! सासूबाई महिनाभर अंगणात चैत्रांगण, म्हणजे चैत्रगौरीसाठीची शुभचिन्हांची रांगोळी, काढायच्या. बाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या, आणि 2025 च्या चैत्रात मी आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः काढायला घेतलं. दुखण्यातून किंवा दुःखातून उठून ज्यांना काहीतरी पुन्हा सुरू करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर झोपाळ्यावर बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्या वर्षी 31 मार्च ते 30 एप्रिल. एवढे दिवस रोज सकाळी काढायचं, दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा काढायचं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, अंगण नाही. दोन फूट बाय दोन फूट प्लायचा तुकडा घेतला. गेरू आदल्या रात्री पाण्यात भिजवायचा आणि सकाळी जुन्या सुती कापडाच्या बोळ्यानं एकाच दिशेनं सारवायचा. तो पूर्ण सुकू द्या. ओलसर गेरूवर रांगोळी पाणी पिते, रेघ करडी दिसते. मी पहिले चार दिवस हीच घाई केली आणि चिडले. त्या वेळात झाडांना पाणी घाला, गेरू आपला आपण सुकतो.

रांगोळी पांढरीच घ्या. बाजारची पूड फार बारीक असेल तर चिमटीत चिकटून राहते. थोडी चाळलेली बारीक वाळू मिसळली की सुटी पडते. चिमूट अंगठा आणि तर्जनीत धरा. बोटं उघडायची नाहीत, एकमेकांवर चोळत राहायची, म्हणजे धार तुटत नाही. हात जमिनीपासून दोन बोटं वर. लांब रेघेला मनगट न वळवता कोपरापासून हात मागे ओढा. हे मला मनगट दुखत होतं म्हणून सुचलं, पण दुखायचं थांबल्यावरही मी तसंच काढते, कारण रेघ खरंच सरळ येते.

सगळं चैत्रांगण पहिल्याच दिवशी काढायला जाऊ नका. पूर्ण चैत्रांगणात चिन्हं पुष्कळ: मखरात गौर, वर तोरण, सूर्य-चंद्र, शंख-चक्र-गदा-पद्म, गोपद्मं (गाईची पावलं), लक्ष्मीची पावलं, तुळशीवृंदावन, गुढी, हत्ती, कासव, नाग, फणी, करंडा, आरसा. मी पहिल्या दिवशी फक्त चार गोपद्मं काढली. मग रोज कालची सगळी, आणि एक नवीन. स्वस्तिक दुसऱ्या दिवशी आलं, कासव आठवड्यानं. हत्तीची सोंड मात्र अकरा दिवस छळत होती. ती मी आधी कागदावर पेन्सिलनं गिरवली, मग जमली. चुकलेली रेघ बोटानं पुसत बसू नका, गेरू उखडतो. उद्या ती नव्यानं काढायचीच आहे.

चैत्रातल्या एखाद्या संध्याकाळी शेजारणींना हळदीकुंकवाला बोलवा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, किसलेली कैरी, मीठ, साखर, वरून हिंग-हळद-मोहरीची फोडणी. सोबत उकडलेल्या कैरीचं गूळ-वेलचीचं पन्हं. दुखणाईत माणसाला लोक भेटायला येतात तेव्हा चर्चा दुखण्याचीच होते. त्या संध्याकाळी माझ्याकडे आलेल्या सगळ्या जणी वाकून हत्ती बघत होत्या. शेजारची आठ वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला यायला लागली. आरसा आणि फणी तिची, बाकीचं माझं.

अक्षय्य तृतीयेला शेवटचं काढलं आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या कुंच्यानं झाडून घेतलं. उरलेली रांगोळी डब्यात भरली. त्या डब्याचं फिरकीचं झाकण मी उजव्या हातानं घट्ट लावलं.