एक्स्टेन्शन बदललं आणि फाईल उघडेना? आधी हे करा
घाबरू नका, डेटा गेलेला नसतो. नाव बदलल्याने फाईलच्या आतलं काहीच बदलत नाही, म्हणून आधी जुनं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतरची अक्षरं, परत लावा, आत्ताच बदललं असेल तर त्याच फोल्डरमध्ये कंट्रोल झेड. विंडोज ११ मध्ये एक्स्टेन्शन दिसत नसेल तर व्ह्यू, शो, आणि तिथे फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा.

जुनं काय होतं तेच आठवत नसेल तर फाईलची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा, सगळी भलतीच चिन्हं दिसतील पण फक्त सुरुवात बघायची: टक्क्याच्या चिन्हापुढे पीडीएफ दिसलं तर ती पीडीएफ, पीके दिसलं तर झिप किंवा डॉकएक्स (वर्डची) नाहीतर एक्सएलएसएक्स (एक्सेलची), कारण या शेवटच्या दोन्ही आतून झिपच असतात. सेव्ह मात्र अजिबात करू नका, फाईल खरंच बिघडेल.

अ‍ॅडमिशनच्या सीझनला सदाशिव पेठेत रूम घेऊन राहणाऱ्या पोरांनो, तुमच्यासाठी खास: आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, बऱ्याच आयफोनचे फोटो जेपीजीऐवजी एचईआयसी नावाच्या वेगळ्या फोटो-फॉरमॅटमध्ये असतात, नुसतं जेपीजी नाव देऊन फॉर्मला चालेलच असं नाही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल निवडा आणि फोटो नव्याने काढा.