जुनं शहर पायी बघायचंय? मग समोरच्या फुटपाथवरून चाला

कुठल्याही शहराचा जुना भाग बघायला गेलं की आपण सगळे एकच घोळ घालतो, बिल्डिंगच्या पार पायाशी जाऊन उभे राहतो. तिथून दिसतं काय, तर शटर आणि बोर्ड. तळमजला हा जुन्या इमारतीचा सगळ्यात थापाड्या भाग, कारण दुकान बदललं की नवा माणूस सगळं तोडून आपल्या हिशोबाने लावतो. वर मात्र कोण कशाला खर्च करतंय, त्यामुळे खरं वय वरच कळतं. म्हणून रस्ता क्रॉस करायचा आणि पलीकडून, पहिल्या मजल्यापासून वर बघत जायचं. फक्त चालता चालता नाही, थांबून. मी दिव्याच्या खांबाला धडकून चष्मा फोडून घेतलाय.

आधी साल शोधा. दारावरच्या कमानीचा मधला दगड, गच्चीच्या कठड्याचा मध्य, नाहीतर कोपऱ्यात खाली जमिनीलगतचा दगड. नाही सापडलं तर खिडकी भिंतीत किती खोल बसलीय ते बघा. खोल असेल तर बहुतेक भिंतच सगळा भार पेलतेय. शिकागोची मोनॅडनॉक बिल्डिंग बघा, तिचा १८९१ चा भाग विटांच्या भिंतींवर १६ मजले उभा आहे, आणि त्यासाठी तळाशी भिंत सुमारे ६ फूट जाड ठेवावी लागली. पुढे स्टीलचा सांगाडा सगळीकडे आला आणि भिंत नुसती पडद्यासारखी उरली, म्हणून मग मोठमोठ्या काचा लावता आल्या.

खिडक्यांची उंचीसुद्धा बघा. पॅरिससारख्या शहरांतल्या जुन्या घरांत खालचे एक-दोन मजले ऐटीचे आणि वर वर जाल तसं सगळं बुटकं, साधं होत जातं, कारण एवढे जिने चढायचे कोणी, तर नोकरांनी आणि कमी पैसेवाल्यांनी. न्यूयॉर्कच्या एका दुकानात १८५७ मध्ये माणसांसाठीची पहिली ऑटिस लिफ्ट बसली, पुढे लिफ्ट घरोघरी पोचली आणि हे गणित उलटं झालं, सगळ्यात वरचा मजला महाग!

माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे विटांच्या भिंतीवरच्या लोखंडी चांदण्या. कधी गोल चकती असते, कधी एस आकाराची पट्टी. लोकांना ते डेकोरेशन वाटतं. तिच्यामागे एक लोखंडी गज असतो, तो आत जाऊन तुळयांना नाहीतर थेट समोरच्या भिंतीला धरून ठेवतो म्हणजे भिंत बाहेर कलत नाही. चांदणी दिसली की भिंतीच्या कडेला जाऊन एक डोळा मिटून सरळ रेषेत बघा, बऱ्याचदा भिंतीला आलेलं पोट दिसतं.

विटांनी बुजवलेली खिडकी दिसली तर घाई नको. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ खिडक्यांवर टॅक्स होता म्हणून लोकांनी त्या बुजवल्या हे खरंय, पण काही ठिकाणी समोरची बाजू सारखी दिसावी म्हणून मुळातच खोटी खिडकी बांधलेली असते. आतल्या विटेचा रंग आणि सांधा आजूबाजूच्या भिंतीशी जुळतोय का बघायचं, वेगळा असेल तर नंतरचं काम.

रस्ते पण बोलतात. वाकडीतिकडी गल्ली बहुतेक वेळा आपोआप वाढलेली, सरळसोट रस्ता कोणीतरी पट्टी धरून आखलेला. बार्सिलोनात जुन्या गल्ल्यांतून बाहेर पडलात की अचानक चौकोन सुरू होतात, चौकातल्या इमारतींचे कोपरे तिरके कापलेले, तो सेर्दा नावाच्या इंजिनियरचा १८५९ चा प्लॅन.

एका दिवसात अख्खा भाग उरकायच्या नादाला लागू नका, एक-दीड किलोमीटरला दोन तास सहज जातात. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर जा, पार्क केलेल्या गाड्या कमी असतात आणि ऊन तिरकं असल्यामुळे कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट. दार उघडं दिसलं म्हणून इमारतीच्या आतल्या चौकात घुसू नका, आत माणसं राहतात, विचारा. आणि सालाच्या दगडाचा फोटो काढलात की लगेच अख्ख्या बिल्डिंगचाही काढा. माझ्या फोनमध्ये असे चाळीसेक दगड पडलेत, कुठला कुठल्या घराचा काही पत्ता नाही.