हात कणकेत असताना दिवा लावायचा तर: मनगटाच्या खुणेवर चालणारा स्विच

संध्याकाळी आईचे हात कणकेत असतात आणि नेमकं तेव्हाच अंधारून येतं. मग ती कोपराने बटण दाबते. तिच्यासाठी मी मनगटावर बांधायची पट्टी केली, ठरलेली खूण केली की दिवा लावणारी-विझवणारी. तशी पट्टी तुम्हालाही करता येईल.

आधी सेन्सर नीट निवडा. दुकानात 'मोशन सेन्सर' मागितला की बहुधा पीआयआर हातात पडतो, जिन्यातल्या दिव्याला असतो तो. समोरून उबदार शरीर सरकलं एवढंच त्याला कळतं, हात कसा फिरला ते नाही. आपल्याला एमपीयू-६०५० हवा. त्यात त्वरण मोजणारा आणि फिरण्याचा वेग मोजणारा (जायरो) असे दोन्ही सेन्सर एकाच चिपमध्ये असतात. सोबत ईएसपी३२चे (वायरलेस असलेला छोटा संगणक) दोन बोर्ड, एक पट्टीवर आणि एक दिव्याच्या स्विचजवळ, आणि ५ व्होल्टचा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) घ्या.

जोडणी सोपी आहे. सेन्सरच्या मॉड्यूलचं व्हीसीसी पट्टीवरच्या ईएसपी३२च्या ३.३ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, एसडीए २१ नंबरच्या पिनला आणि एससीएल २२ला. मॉड्यूलवर छापलेला एक्सचा बाण बोटांच्या दिशेने येईल असं ते पट्टीवर बसवा. आर्डुइनोमध्ये (बोर्डासाठी कोड लिहायचं सॉफ्टवेअर) अ‍ॅडाफ्रूटची एमपीयू-६०५० लायब्ररी, म्हणजे तयार कोड, टाका आणि जायरोची मर्यादा ५०० अंश प्रति सेकंद ठेवा. सुरू करताना हात ४ सेकंद स्थिर धरा, तेवढ्यात जायरोच्या २०० नोंदींची सरासरी काढा आणि ती पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा.

आता खरं काम. खूण ठरवायची घाई करू नका. मी ती केली होती. 'हाताला झटका बसला की दिवा' असा नियम लिहिला आणि आई पोळ्या लाटायला बसली. लाटण्याच्या प्रत्येक फेरीला दिवा लागायचा, विझायचा. तिसऱ्या पोळीला तिने पट्टी काढून फ्रिजवर ठेवली.

म्हणून आधी रोजच्या हालचाली नोंदवा. पट्टी बांधून कणीक मळा, पोळी लाटा, भाजी ढवळा, घट्ट झाकण उघडा. प्रत्येक काम अर्धा मिनिट, सेकंदाला ५० नोंदी. आर्डुइनोच्याच सीरियल प्लॉटरवर आलेख बघत बसा. लाटताना त्वरणाच्या लाटा एकामागून एक येतात. झाकण उघडताना जायरो एकाच बाजूला उसळतो. बोलताना 'काय?' म्हणून आपण हात फिरवतो, तेही नोंदवा. त्यात मनगट फिरतं, पण हात तिरका असतो.

या सगळ्यात एक हालचाल कुठेच दिसली नाही: बोटं छताकडे, हात सरळ उभा आणि मनगट उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे, होल्डरमध्ये बल्ब बसवताना फिरतं तसं. हीच खूण आम्ही घेतली.

कोडमध्ये दोन अटी लागतात. हात उभा असला की एक्स अक्षावर गुरुत्वाकर्षण दिसतं, ते ०.८ जीपेक्षा (१ जी म्हणजे पृथ्वीचं पूर्ण गुरुत्वाकर्षण) जास्त हवं. लायब्ररी मीटर प्रति सेकंद वर्गात आकडा देते, म्हणून ७.८ लिहा. दुसरी अट अशी की एक्स अक्षाभोवतीचा वेग एका सेकंदाच्या आत एका बाजूला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या बाजूला १५० अंश प्रति सेकंद ओलांडायला हवा. इथे आकडा रेडियनमध्ये येतो, म्हणजे साधारण २.६. खूण पटली की पुढचे २ सेकंद काहीच ऐकू नका, नाहीतर हात खाली घेताना दिवा विझेल.

पट्टी ज्यांच्या हातावर राहणार, त्यांच्याच हातावर हे आकडे ठरवा. माझ्या मनगटावर जमलेला वेगाचा उंबरठा आईच्या सावकाश हाताला जास्त पडत होता. तिच्यासाठी तो ११० अंशांवर आणला.

पट्टीवरचा ईएसपी३२ रिले जोडलेल्या दुसऱ्याला ईएसपी-नाऊने (दोन बोर्डांमधला थेट वायरलेस संपर्क) निरोप पाठवतो. त्याला राउटर लागत नाही, त्यामुळे इंटरनेट बंद असलं तरी दिवा लागतो.

आठवडाभर रिलेच्या जागी साधा एलईडी लावून बघा. एकदाही चुकीने पेटला नाही, तरच २३० व्होल्टकडे वळा, आणि ते काम वायरमनकडून करून घ्या. त्याला सांगा की रिले आणि टू-वे स्विच जिन्याच्या दिव्यासारखे जोडायचे आहेत. मग भिंतीवरचं बटणही चालू राहतं आणि घरी आलेल्या मावशीला पट्टी शोधावी लागत नाही.