बॅकअपची स्क्रिप्ट लिहिताना या चुका टाळा

जीझिप हा फाइली दाबून लहान करणारा प्रोग्राम. त्याला काहीच दिलं नाही तरी तो फाइल तयार करतो. तिचा आकार असतो 20 बाइट. हा आकडा मला पाठ आहे, कारण एका ग्राहकाच्या लिनक्स सर्व्हरवर बॅकअपच्या अशा 7 फाइली ओळीने मांडलेल्या पाहिल्यात. नावं तारखेसकट अगदी नीटनेटकी, आत शून्य. डेटाबेसचा पासवर्ड कुणीतरी बदलला होता, स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला होता, आणि आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता.

कारण साधं आहे. मायएसक्यूएल डेटाबेसचा डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची मजकुरात काढलेली प्रत, पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून) जीझिपकडे दिला की स्क्रिप्ट चालवणारा बॅश फक्त शेवटच्या कमांडचा निकाल धरतो. डम्प फसला तरी जीझिपचं काम झालेलं असतं, त्यामुळे सगळं आलबेल! वर ‘सेट -ई’ (कमांड फसली की थांब) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, पाइपमधली आधीची कमांड फसल्याचं त्याला कळतच नाही. सोबत ‘सेट -ओ पाइपफेल’ हवं, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी कळतं. आणि स्क्रिप्ट कुणी चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीत एसएच नको, बॅशच लिहा. डेबियन आणि उबंटूवर एसएच म्हणजे बॅश नसून डॅश असतो, आणि बॅशच्या बऱ्याच सोयी त्याच्याकडे नाहीत.

खरा घात मात्र त्याखालच्या ओळीत होता. 7 दिवसांहून जुने बॅकअप शोधून पुसणारी फाइंड ही कमांड, आणि आजचा बॅकअप नीट झाला की नाही याची तिला काडीची फिकीर नाही. रोज एक रिकामी फाइल जमा होते आणि एक चांगली प्रत जाते. फाइंडला ‘+7’ सांगितलं की ती पूर्ण 8 दिवस झालेल्या फाइली धरते, दिवसाचा अपूर्णांक सोडून देते. या विचित्र हिशोबामुळेच आमची एक प्रत वाचली होती. आणखी एक-दोन रात्री गेल्या असत्या तर तीही नसती.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी तात्पुरत्या नावाने लिहा, तपासा, मग खरं नाव द्या, आणि हे सगळं जमलं तरच जुनं पुसा. तपासणीत ‘जीझिप -टी’ (फाइल धड आहे का बघणारी कमांड) पुरत नाही, कारण रिकामी 20 बाइटची फाइलही त्यात पास होते. आकार बघा, आणि डम्पच्या शेवटी ‘डम्प कम्प्लीटेड’ ही ओळ आहे का तेही बघा.

बिघाड झाल्यावर मेल येईलच, असं धरून चालू नका. 31 जानेवारी 2017 ला कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली, तेव्हा बॅकअप शोधताना अ‍ॅमेझॉनच्या एसथ्री या ऑनलाइन साठवणीतली त्यांची बकेट रिकामी निघाली. त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसची आवृत्ती 9.6 होती आणि डम्पचं साधन 9.2 चं, त्यामुळे डम्प रोज फसत होता. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन मेल पाठवत होता, पण डीमार्कच्या (मेल खरंच त्याच पत्त्याचा आहे का, या) तपासणीत ते मेल नाकारले जात होते. वाचवलं ते कुणीतरी 6 तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. आम्ही आता उलटं करतो: काम झालं की स्क्रिप्ट निरोप देते, आणि सकाळपर्यंत निरोप आला नाही तर दुसरं मशीन बोंब मारतं.

रिकामं व्हेरिएबल आणि न विचारता सगळं पुसणारी ‘आरएम -आरएफ’ यांची गाठ पडली की काय होतं, हे जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग अ‍ॅपने दाखवलं. फोल्डरचा पत्ता काढणारी ओळ फसली, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि पुसायची कमांड थेट रूटपासून सुरू झाली. वापरणाऱ्याच्या फाइली गेल्या. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच ‘स्केअरी’ अशी कॉमेंट टाकून ठेवली होती! लोक यावर ‘सेट -यू’ (न ठरवलेलं व्हेरिएबल आलं की थांब) सुचवतात, पण तिथे ते उपयोगी पडलं नसतं, कारण व्हेरिएबल होतं, फक्त रिकामं होतं. महिरपी कंसात नावानंतर ‘:?’ लावा, म्हणजे रिकामं असलं तरी स्क्रिप्ट तिथेच थांबते.

हाताने चालवली की चालते, क्रॉनमध्ये चालत नाही, ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी येते. बहुतेक वेळा क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) आखूड असतो, म्हणून कमांड पूर्ण पत्त्यासह लिहा. तेही ठीक असेल तर ओळीत तारखेसाठी % वापरलंय का बघा. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, % म्हणजे ओळ तोडणं, त्यामुळे आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली असेल तर ओळींच्या शेवटची अदृश्य खूण काढा, ‘डॉसटूयुनिक्स’ ते करतं. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर रात्री 2 चं काम आपल्याकडे सकाळी 7:30 ला सुरू होतं, म्हणजे ऑफिस उघडायच्या तोंडावर. आपल्या रात्री 2:30 साठी तिथे 21:00 लिहा. पण मग तारीख आणि वार आदल्या दिवसाचे असतात, त्यामुळे रविवारी पहाटेचं काम शनिवारच्या खात्यात जातं.

कालची फेरी संपायच्या आत आजची सुरू होऊ नये म्हणून एफलॉक ही कुलपासारखी कमांड लावा.

आणि क्रॉनटॅबची एक प्रत फाइलमध्ये ठेवून द्या. ‘-ई’ने ती उघडते, ‘-आर’ने न विचारता सगळी पुसली जाते, आणि कीबोर्डवर ही दोन बटणं शेजारी-शेजारी आहेत.