घरच्या दुरुस्तीनंतर वाजणारे इंजिन : गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

औंधच्या शासकीय आयटीआयमधून किंवा अशाच एखाद्या संस्थेतून मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून जी मुले-मुली पुण्यातल्या गॅरेजांत रुजू होतात, त्यांना इंजिनाचे भाग आणि त्यांची कामे बऱ्यापैकी पाठ असतात. त्यांची खरी अडचण होते ती मालकाने स्वतः हात घातलेल्या गाडीसमोर. झिजेने आलेला दोष हळूहळू वाढतो आणि त्याचा माग काढता येतो. घरी खोललेल्या इंजिनात मात्र एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन दोष एकाच दिवशी शिरलेले असतात. म्हणून अशा गाडीचा आवाज शोधताना कानाच्या आधी चौकशी कामाला लावावी, असे माझे मत आहे.

उदाहरण म्हणून सिंहगड रस्त्यावरून आलेली एक जुनी मारुती ८०० घेऊ. तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे हे इंजिन शिकण्यासाठी फार चांगले, कारण त्यात टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा भाग आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट, स्क्रू आणि चेकनटने जुळवता येते. मालक निवृत्त गृहस्थ होते. ‘‘टॅपेट कव्हरचं पॅकिंग तेवढं बदललं,’’ असे त्यांचे म्हणणे होते, आणि इंजिन तर शिवणयंत्रासारखे वाजत होते. अशा वेळी ‘‘तुम्ही काय बिघडवलंत?’’ असा सूर लागला की पुढची माहिती मिळणे बंद होते. ‘‘काका, पहिल्यापासून कोणत्या क्रमानं काय काय खोललंत, तेवढं सांगाल का?’’ असे विचारल्यावर हळूहळू सगळे बाहेर आले : कव्हर उघडलेच आहे म्हणून टॅपेट जुळवले होते, प्लग बदलले होते आणि तेलाची गळती थांबवण्यासाठी, प्लगना ठिणगीची वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटरही काढून बसवला होता. हे सगळे मालकाच्याच शब्दांत जॉबकार्डवर लिहून ठेवावे.

त्यानंतरही लगेच स्टार्टर मारू नये. आधी डिपस्टिक पाहावी. तेल कमी असले तरी वाईट आणि मर्यादेपेक्षा जास्त भरलेले असले तरी वाईट. इंजिन सुरू केल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा विझला नाही, तर ते तत्काळ बंद करावे आणि आवाजाचा विचार नंतर करावा.

आता आवाजाची लय. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर आयडलिंग करत असेल, तर एक सैल टॅपेट सेकंदाला सात-आठ ठोके देतो, तर क्रँकशी निगडित ठोका सुमारे पंधरा वेळा ऐकू येतो. कानाला हा फरक कळेनासा झाला तर टायमिंग लाइट, म्हणजे प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, वापरावा. डिस्ट्रिब्युटर असलेल्या इंजिनात पहिल्या प्लगच्या वायरवर लावलेला हा दिवा कॅमच्या दर फेरीला एकदाच चमकतो. ठोका त्याच्याशी जुळला तर दोष वरच्या भागात शोधावा. खालून येणारा जाड ठोका इंजिनावर भार आल्यावर वाढतो, आणि त्या सिलिंडरचा प्लग क्षणभर बंद केला की बहुधा कमी होतो. तो बेअरिंगचा असल्याची शंका आली, तर गाडी चालवून पाहण्याचा मोह टाळावा. लांब स्क्रूड्रायव्हर कानाशी धरून ऐकण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. फक्त फॅन आणि बेल्टपासून दूर राहावे, आणि हातात कडे असेल तर ते आधी काढून ठेवावे.

या गाडीत ठोका निम्म्या वेगाचा होता. इंजिन चालू ठेवून एकेका टॅपेटच्या फटीत फट मोजणाऱ्या फीलर गेजचे पाते सरकवले, तेव्हा एका ठिकाणी आवाज थांबला. कारण उघड होते : मालकाने क्रँक न फिरवता सगळे टॅपेट एकाच स्थितीत जुळवले होते. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्ह दाबत असताना अंतर ठरवले की उंचवटा सरकल्यावर तीच फट कितीतरी मोठी होते. योग्य रीत अशी की प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे, प्रत्येक पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून त्याच सिलिंडरचे टॅपेट जुळवावेत, आणि दर २४० अंशांनी पुढच्या सिलिंडरकडे जावे. चेकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, त्यामुळे आवळून झाल्यावर पुन्हा मोजावे. थंड आणि गरम इंजिनासाठीचे आकडे वेगवेगळे असतात. ते मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

इथे नवख्या माणसाला चकवणारी एक गोष्ट आहे. सैल टॅपेट बोलतो, पण जास्त आवळलेला टॅपेट गप्प असतो. त्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. त्यामुळे आवाज बंद झाला एवढ्यावर समाधान मानू नये. न वाजणारे टॅपेटही मोजावेत. अनेक नव्या इंजिनांत असा स्क्रू नसतोच. तिथे योग्य जाडीचे टॅपेट निवडावे लागतात किंवा हायड्रॉलिक टॅपेट असतात, हे आधी पाहून मगच पाना उचलावा.

ठोका गेल्यावर त्याच्याखाली दडलेली फुसफुस ऐकू आली. एका प्लगखाली जुना वॉशर राहून गेला होता, त्यावर नव्या प्लगचा वॉशर बसला होता, आणि दाब तिथून निसटत होता. भोवतीच्या काळ्या डागाने ते स्पष्ट झाले. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग आधी बोटांनी बसवावा, मग टॉर्क रेंचने आवळावा. आटे गेले तर दुरुस्तीचा खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

तिसरा दोष गॅरेजमध्ये ऐकू येणारा नव्हता. डिस्ट्रिब्युटर खूण न करता बसवल्यामुळे इग्निशन पुढे सरकले होते, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत होती, आणि त्याची किणकिण फक्त चढावर, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असे. कात्रजच्या जुन्या घाटात नेल्यावर ती पकडता आली, आणि टायमिंग लाइटने खुणा जुळवल्यावर गेली. सपाट रस्त्यावरच्या चाचणीत हा दोष सापडला नसता.

बिलात शोधकामाची मजुरी वेगळी दाखवावी. नाना पेठेतून आणलेल्या सुट्या भागांचा खर्च इथे किरकोळच असतो. काढलेला वॉशर मालकांच्या हाती दिला आणि टॅपेटचे मोजलेले आकडे जॉबकार्डवर नोंदवले, म्हणजे पुढच्या खेपेला, पाना कोणाच्याही हातात असला तरी, तुलनेला काहीतरी असेल.